डोळं खांबावर

हे लिहायचंच नाही असं मुबारकनं ठरवलं होतं. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. कारण यात तो काही शहाणा दिसत नाही. सगळ्यात जवळच्या दोस्ताच्या घरी दोन दिवस जेवला आणि तोंडातून खरं काढलं नाही. गोष्ट खरं तर एवढीच, बाकी सगळं मशीन. 'मी, मी' करत लिहायला लागलं की लाज वाटते, म्हणून इथं 'मुबारक' असंच लिहिलंय. ते बरं पडतं. त्याला शिव्या घालता येतात.

तर मुबारक शिकलगार. गाव कुपवाड, जिल्हा सांगली. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू फिरवता फिरवता कोड लिहायला शिकला. कॉलेज बाहेरून बघितलं तेवढंच. आता वय एकोणतीस, मुक्काम अमेरिकेतलं ओमाहा, आणि काम म्हणजे शाळेपासूनच्या दोस्ताचा, इंद्रजित कोळेकरचा 'आपला माणूस'.

हे पद खरंच आहे. तिथल्या फुटबॉल लीगच्या नियमात आहे. इंद्रजित ओमाहा क्रेन्स या टीमचा क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, आणि पायापेक्षा काम हाताचं. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की त्याला साधारण तीन सेकंद मिळतात. समोरून दीडशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत येतात. तेवढ्यात आपले पाच जण कुठं पळतायत ते बघायचं, एक निवडायचा, आणि चाळीस मीटरवर त्याच्या ओंजळीत चेंडू टाकायचा. समोरच्या टीमचा सगळ्यात मागचा राखणदार क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडंच बघत असतो. डोळे जिकडं वळले, तिकडं तो धावला.

इंद्रजितचा हात पहिल्यापासून तसलाच. गल्ली क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवायचा. लीगवाल्यांनी बालेवाडीला असले हात शोधायला शिबिर लावलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बाराशे पोरांतून एकटा निवडला. मुबारक नंतर आठ वर्षांनी आला. "डॉक्टर, वकील सगळे टीमचे हायत," इंद्रजित फोनवर म्हणाला होता, "माझा कोण हाय? तू ये."

आता मशीनचं सांगायला पाहिजे.

पाण्याचा ग्लास उचलताना स्वतःकडं लक्ष द्या. डोळा आधी पोचतो, हात मागून. मधे साधारण पाव सेकंद जातो. हे अंतर प्रत्येकाचं आपापलं असतं, आणि हस्ताक्षरासारखं पक्कं असतं. पण डोक्याला मार बसला की मेंदू कवटीत हिंदकळतो आणि आतल्या बारीक तारा ताणल्या जातात. एका धक्क्यानं काही दिसत नाही. दहा वर्षांचे धक्के साठले की माणूस चाळिशीत आपल्याच घराचा रस्ता विसरतो. पूर्वी हे माणूस मेल्यावरच कळायचं, मेंदू उघडून.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तारा झिजायला लागल्या की ते डोळ्याचं-हाताचं अंतर आधी फाकतं. कधी कमी, कधी जास्त, ताळमेळ सुटतो. पुढं सात-आठ वर्षांनी काय होणार ते आजच दिसतं. म्हणून हेल्मेटच्या काचेत बारीक कॅमेरे बसवले. ते बुबुळं टिपतात, सेकंदाला पाचशे वेळा. चेंडूतला सेन्सर हाताचं सांगतो. दोन्ही जुळवून एक आकडा निघतो. मुबारक त्या मशीनला 'धागा' म्हणतो. आकडा जितका मोठा, धागा तितका विरलेला. चाळीसच्या वर गेला की हेल्मेट कायमचं काढून घेतात. अपील नाही.

आणि मोजणी चालते ती खेळतानाच. खोलीत बसवून परीक्षा घ्यायचे तेव्हा खेळाडू सुरुवातीलाच मुद्दाम वाईट परीक्षा द्यायचे, म्हणजे पुढं मार बसला तरी फरक दिसू नये. माणूस हुशार असतो, विशेषतः स्वतःचं वाटोळं करून घेताना.

दर गुरुवारी आकडा पहिल्यांदा खेळाडूच्या 'आपल्या माणसा'ला दिसतो. त्याच्या हातात अठ्ठेचाळीस तास. काही हरकत असेल तर पुराव्यासकट जोडायची, नाहीतर आकडा आपोआप लीगकडं जातो.

इंद्रजितचा आकडा दोन वर्षांपूर्वी एकोणीस होता. गेल्या वर्षी सत्तावीस. ऑगस्टमध्ये चौतीस, तेव्हाच मुबारकची झोप उडाली होती. आणि दिवाळीच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी बारा वाजता, एकेचाळीस.

मुबारकनं लॅपटॉप बंद केला. परत उघडला. एकेचाळीसच.

आता जे सांगायचंय त्यासाठीच तीनदा पुसलं होतं. मुबारकला तो आकडा बदलता येत होता. डोळ्याचा आणि हाताचा हिशोब जुळवायच्या फाईली 'आपल्या माणसा'कडंच असतात, म्हणजे त्याच्याच हातातल्या. एका ओळीत एक अंक बदलला की एकेचाळीसचे छत्तीस झाले असते, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यानं ती ओळ उघडली. कर्सर तिथं लुकलुकत राहिला. मग त्याच्या डोळ्यापुढं चाळीस वर्षांचा इंद्रजित आला, कुपवाडच्या चौकात उभा, घर कुठल्या बाजूला ते आठवत नाही. मुबारकनं फाईल बंद केली.

पण सांगितलंही नाही. ती फाईल बंद करणं सोपं होतं. इंद्रजितच्या तोंडाकडं बघून 'संपलं तुझं' म्हणायला त्याची जीभ उचलेना. म्हटलं, आज जेवण करू, उद्या सांगू.

"ये रं मुब्या," इंद्रजितनं दार उघडलं. "मृणालनं चकल्या केल्यात. यंदा मोडत नाहीत, दगडासारख्या झाल्यात."

"दात घासून या दोघं," आतून मृणाल म्हणाली. ती इंद्रजितची बायको, इथंच ओमाहात दातांची डॉक्टर. "मोडले तर मी बसवून देते."

जेवताना मुबारक फक्त इंद्रजितकडं बघत होता. घास तोंडात नीट जातोय का. आमटी सांडतेय का. तेवढ्यात इंद्रजित म्हणाला, "मृणाल, ते हे दे की... ते... काय गं ते..."

मुबारकनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"काय ते?"

"ते... तळताना घेतीस ते."

"झारा? आमटी वाढायला झारा कशाला पाहिजे तुला?"

"मग काय म्हणतात त्याला?"

"पळी म्हणतात. बारा वर्षं इथं काढलीस म्हणून पळी विसरलास होय?" मृणाल हसली. इंद्रजित हसला. मुबारक हसला नाही. त्यानं मनात नोंद केली: पळी.

शुक्रवारीही तेच. इंद्रजितनं गाडीची किल्ली दोनदा शोधली. सुपारी म्हणून लवंग तोंडात टाकली. मुबारकच्या डोक्यात यादी वाढत चालली. भ्यालेल्या माणसाला सगळीकडं तेच दिसतं, पण भ्यालेल्या माणसाला हे कोण सांगणार?

"इंद्या, भाजीत मीठ बरोबर लागतंय का रं तुला?"

"हो की."

"नाही, म्हणजे चव येतेय ना?"

मृणालनं पातेलं खाली ठेवलं. "भावजी, कालपासून तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. माझा स्वयंपाक बिघडलाय का तुमचं डोकं?"

"तसं नाही वहिनी..."

"मग कसं?"

मुबारकनं पाणी पिलं. एक ग्लास, मग दुसरा. आणि सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मराठी मंडळाचे दिवाळीचे खेळ होते. मैदानावर गवत ओलं, थंडीनं नाकं लाल. वरून प्लॅट नदीकडं सारस पक्ष्यांची रांग ओरडत चालली होती. दरवर्षीप्रमाणे खो-खो. बँकेतले, हॉस्पिटलातले, सॉफ्टवेअरमधले सगळे गुडघ्याला पट्टे बांधून हजर. इंद्रजितला करारानं दुसरा कुठलाही खेळ खेळायला बंदी, त्यामुळं दरवर्षी तो पंच व्हायचा आणि दरवर्षी दहाव्या मिनिटाला शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

"एकच डाव," तो म्हणाला.

"उद्या मॅच आहे तुझी," मृणाल म्हणाली.

"चालतच खेळतो."

मुबारकच्या घड्याळात पावणेनऊ. सव्वातीन तास उरले होते. त्यानं ठरवलं होतं, डाव संपला की बाजूला घेऊन सांगायचं. तोवर मंडळाच्या गोडबोले काकांनी त्याला ढकलून पळणाऱ्यांत उभं केलं. पाठलागाला इंद्रजित. आठ जण दोन खांबांच्या मधे एका रांगेत बसलेले, एकाचं तोंड इकडं, पुढच्याचं तिकडं. त्यातच मधे मृणाल.

इंद्रजित चालत खेळणार होता. चार पावलांत विसरला.

तो रांगेला समांतर सुसाट निघाला. मुबारकनं शाळेपासून जे केलं तेच केलं, त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. डोळे सरळ शेवटच्या खांबावर होते. म्हणजे हा खांबापर्यंत जाणार. मुबारकनं मधेच रांगेतून पलीकडं उडी मारली, सुटलो म्हणून.

"खो!"

इंद्रजितनं न बघता मृणालच्या पाठीला हात लावला होता. डोळे अजून खांबावरच. मृणाल उठली आणि दोन ढांगांत मुबारकच्या खांद्यावर थाप पडली.

"बाद, भावजी! बारा वर्षांचे असताना पण असेच बाद व्हायचात म्हणे तुम्ही!"

सगळे हसले. मुबारक ओल्या गवतावर बसला तो उठेचना.

डोळं खांबावर, हात पाटीवर.

माने सर. कुपवाडच्या शाळेचं मैदान. सर रोज पाठलाग करणाऱ्यांना तासभर एकच घोकून घ्यायचे. खो कुणाला द्यायचा ते डोळ्यानं सांगायचं नाही. खांबाकडं बघत पळायचं आणि पाटीवर, म्हणजे आपल्या चौकोनात, बसलेला गडी नुसत्या हातानं हुडकायचा. ज्याची नजर खाली गेली त्याला मैदानाला पाच फेऱ्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दोन वर्षांपूर्वी लागोपाठ तीन मॅच हरल्यावर मुबारकच म्हणाला होता, "लेका, ते राखणदार तुझं डोळं वाचतायत. माने सरांचा डाव लाव की."

दोन वर्षांपूर्वी. आकडा एकोणीस होता तेव्हा.

मशीन बनवणारे काही येडे नव्हते. क्वार्टरबॅक डोळ्यांनी फसवतो हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बाकीचे सगळे काय करतात, तर डावीकडं बघतात आणि चेंडू सोडायच्या आधी क्षणभर तरी उजवीकडं, खऱ्या गड्याकडं नजर आणतात. मशीन तो क्षण पकडतं आणि तिथून अंतर मोजतं. इंद्रजितची नजर परत येतच नव्हती. खांबावर ती खांबावर. मशीन बिचारं येणाऱ्या नजरेची वाट बघायचं, ती कधी उशिरा यायची, कधी यायचीच नाही. ते म्हणायचं, तारा तुटल्या. आणि डाव जसजसा मुरत गेला तसतसा आकडा चढत गेला. सत्तावीस. चौतीस. एकेचाळीस.

किंवा हे सगळं मुबारकला हवं होतं म्हणून सुचलं होतं. तेही होऊ शकत होतं. पळी. किल्ली. लवंग.

तो उठला. "इंद्या, इकडं ये. वहिनी, तुम्हीपण."

गाडीच्या मागं उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. आकडा, बारा वाजायची वेळ, पळी, खांब, माने सर. ती एक ओळ उघडली होती तेसुद्धा.



"गुरुवारपासनं?" इंद्रजित म्हणाला.

"हो."

"दोन दिवस माझ्या घरी जेवलास. चकल्या खाल्ल्यास."

"इंद्या, मला..."

"डोकं माझं, आणि तू एकटाच घिऊन फिरतोयस? मी काय लहान हाय? मला अंधारातच ठेवायला पाहिजे होतं व्हय?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ती ओळ बदलली असतीस तर तुझं तोंड बघितलं नसतं मी."

"ठाऊक हाय."

"भांडण दुपारी करा," मृणाल म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज दातांच्या डॉक्टरचा होता. "आत्ता सव्वानऊ झालेत. खरं काय ते कसं कळेल?"

"सरळ टाकायचं," मुबारक म्हणाला. "जिकडं बघशील तिकडंच. चाळीस चेंडू. हेल्मेट आणि सेन्सरचा चेंडू डिकीत हायत, सीलबंद. त्यात टिपलेलं लीगला चालतं."

मग ओमाहाच्या त्या मैदानावर जे झालं ते बघून माने सरांनी इंद्रजितला पन्नास फेऱ्या मारायला लावल्या असत्या. समोर झेलायला मंडळातले पाच जण. गोडबोले काकांनी पहिला चेंडू पोटावर घेतला आणि खालीच बसले.

"काका, लागलं का?"

"नाही नाही, फराळ होता मधे."

पण चेंडू सरळ जात होते, नजर जात नव्हती. इंद्रजित काकांकडं बघून टाकतो म्हणायचा, आणि शेवटच्या क्षणी डोळे आपोआप दुसरीकडं. सवय हाडात गेलेली. पहिले चौदा वाया गेले. घामानं काच धुरकट झाली.

"मला जमंना," तो म्हणाला. हे वाक्य मुबारकनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मृणाल चालत गेली आणि झेलणाऱ्यांच्या जागी स्वतः उभी राहिली. "माझ्याकडं बघ. लग्नात बघत होतास तसा."

"तेव्हा मी जेवणाकडं बघत होतो."

"ठाऊक आहे. आता माझ्याकडं बघ."

त्यानं बघितलं. चेंडू टाकला. तो तिच्या हातातून सुटला, पण लॅपटॉपवर अंतर आलं, स्वच्छ, पाव सेकंदाच्या जरा आत. पुन्हा. पुन्हा तेवढंच. एकाखाली एक ओळी पडत गेल्या, विटांसारख्या सारख्या. मुबारक मोजत होता आणि मधेच मोजायचं विसरत होता. चाळीस पूर्ण झाले तेव्हा मृणालची बोटं लाल झाली होती.

आकडा निघाला. एकवीस.

मुबारकनं लॅपटॉप इंद्रजितकडं फिरवला. इंद्रजितनं हेल्मेट काढलं, वाचलं, आणि मुबारकच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो बोनेटवर आडवा झाला. मृणाल गवतावर बसून रडली, मग हसली, मग म्हणाली, "तरी मी म्हणतेय, एक पळी विसरला तर एवढं काय झालं!"

बाराला सतरा मिनिटं कमी असताना हरकत गेली. लीगच्या डॉक्टर हॅलोरन बाईंचा दहा मिनिटांत फोन आला. मुबारकनं आपल्या मोडक्या इंग्रजीत खो-खो समजावला. रांग, खांब, पाटी. बाईंनी खांबाचं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, म्हणजे दोन वर्षं आमचं मशीन याचा मेंदू मोजतच नव्हतं, कसब मोजत होतं. उद्याची मॅच त्याला खेळता येणार नाही. सोमवारी माझ्यासमोर शंभर चेंडू.

रविवारी क्रेन्स हरले, सपाटून. इंद्रजित बाकावर बसून चकली चावत होता. सोमवारी हॅलोरन बाईंसमोर शंभर चेंडू झाले. एकवीस. बाईंनी दोनदा तपासलं, हेल्मेट त्याच्या हातात परत दिलं, आणि इथून पुढं याचा आकडा सरळ टाकलेल्या चेंडूंवरूनच काढायचा असं लिहून दिलं.

मात्र फुकट काही मिळत नाही. नियम असा की मान्य झालेली हरकत सगळ्या टीमना वाचायला मिळते. आता बत्तीसच्या बत्तीस टीमना कळणार होतं की कोळेकरच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

"डाव गेला तुझा," सोमवारी संध्याकाळी घराच्या पायऱ्यांवर बसून मुबारक म्हणाला. "दोन वर्षांची मेहनत. माझ्यामुळं."

"गेला कुठं?" इंद्रजित म्हणाला. "आता त्यांना वाटणार मी बघतोय तिकडं टाकणार नाही. मग मी बघीन तिकडंच टाकीन. शनिवारी शिकलोय ते." तो हसला. मग हसू हळूहळू ओसरलं. "मुब्या, एकोणीसचे एकवीस झालेत."

"हो."

"ते दोन खरे हायत."

"ते खरे हायत," मुबारक म्हणाला. त्याला वाटलं होतं हे कुणी काढणार नाही.

आत मृणाल चहाचं आधण ठेवत होती. भांड्याचा आवाज येत होता. इंद्रजित उजव्या हाताची बोटं उघडत होता, मिटत होता.

"लीग चाळीसला थांबवती," तो म्हणाला. "मला तिथवर जायचं नाही. सरळ चेंडूंचा आकडा तीस झाला की मी थांबणार. तेव्हा मी तुला शिव्या घालीन. म्हणीन, एकच सीझन. मॅच सोडून दुसरं काही बोलणार नाही. तू ऐकायचं नाहीस."

"नाही ऐकणार."

"आणि ती ओळ?"

"त्या फाईलीची किल्ली आजच हॅलोरन बाईंना दिली. माझ्याकडं नाही आता."

इंद्रजितनं मान हलवली. मृणाल बाहेर आली, दोघांच्या मधे पायरीवर दोन कप ठेवले आणि आत गेली. इंद्रजितनं आपला कप उचलला. मुबारकनं उचलला नाही.

"इंद्या, एक बोलतो," तो म्हणाला. "दर गुरुवारी बाराला आकडा येतो. एकवीस असो, तीस असो. इथनं पुढं तुझ्या घरात चहा, पाणी, चकली, काहीही तोंडाला लावायच्या आधी मी तुला तो सांगीन. दारातच सांगीन. सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही. शब्द दिला."

इंद्रजितनं त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि दुसरा कप त्याच्या हातात दिला.